नावं ठेवता ठेवता

कुणाच्याही घरी गेल्या की सुभेदारीणबाई आधी माणसांकडे बघायच्या नाहीत, टेबलाकडे बघायच्या. तळहात सपाट करून वरून एकदा फिरवायच्या, मग पदर सावरत वाकून थेट टेबलाखाली डोकं घालायच्या. "वरनं कुणीबी गुळगुळीत करतंय. खालनं बघावं," हे वाक्य तिथूनच ऐकू यायचं. घरची बाई पाण्याचा ग्लास घेऊन उभीच्या उभी.

आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हाही असंच झालं. टेबलाखालून डोकं काढलं, एक खुर्ची हलवून बघितली आणि पेपर वाचत बसलेल्या आमच्या ह्यांना म्हणाल्या, "साहेब, जरा पाय धरा."

ह्यांनी पेपर खाली केला आणि घाबरून त्यांच्या पावलांकडे बघायला लागले.

"माझे न्हवं वो. खुर्चीचे."

मी खूप हसले. त्या प्रकरणात मनापासून हसले ते तेवढंच.

सुभेदारीणबाई दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत, आमच्या खालच्याच मजल्यावर राहायला आल्या होत्या. मुलगा नोएडाला नोकरीला, त्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. बाईंचं माहेर कोरेगावकडचं, सुताराचं. वडिलांच्या हाताखाली भाऊ शिकले. बाईंच्या वाट्याला भुसा झाडायचं काम. लग्न फौजीशी झालं. प्रत्येक बदलीला सामानाच्या लाकडी पेट्या यायच्या, आणि नव्या छावणीत पोचलं की बाई त्या पेट्या फोडून त्यातून फडताळ नाही तर पाट करायच्या. नवरा सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि लवकरच गेला. तेव्हापासून त्या मोकळ्या झाल्या होत्या आणि रिकाम्याही.

आमचे हेही नुकतेच निवृत्त झाले होते. केंद्र सरकारच्या एका खात्यात 'चर्चा करावी' असं फाइलींवर लिहिण्यात ह्यांचं आयुष्य गेलं, आणि रिटायर झाल्यावर चर्चेला मी एकटी उरले. हातांनी काही करण्याची ह्यांना सवयच नव्हती. घरातला एकच खिळा ह्यांनी स्वतः ठोकलेला, बाबासाहेबांच्या तसबिरीचा. बाकी पडद्याची दांडी पडली तरी इलेक्ट्रिशियनला फोन.

त्या माणसानं खुर्चीचा पाय धरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन खाली गेला. तिसऱ्या दिवशीही. तळमजल्यावर जुन्या सायकली टाकायची एक खोली होती, ती सुभेदारीणबाईंनी सेक्रेटरीसाहेबांशी भांडून मिळवली. "आंटीजी, आवाज़ होगी," ते म्हणाले. "आपकी बीवी का मिक्सर भी सुनते हैं हम," ह्या म्हणाल्या. खोली मिळाली.

मी वर खिडकीत. खालून रंध्याचा सर्र सर्र आवाज यायचा, मध्येच ह्यांचं "बाई, हे बघा" आणि हसणं. तुम्ही कधी आपल्या नवऱ्याचं हसणं खालच्या मजल्यावरून ऐकलंय? वेगळंच वाटतं. आपल्या घरातल्या भांड्यात शेजारी भाजी शिजतेय असं.

दुपारी हे यायचे ते भुवयांत भुसा घेऊन, आणि गुणगुणत. अॅसिडिटीमुळे ह्यांना तिखट बंद होतं. माझ्या हातचं वांगं बाजूला सारायचे. खाली मात्र बाईंच्या डब्यातला ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढत यायचे. "यार, काय चव आहे!" असं मला येऊन सांगायचे. मला! माझ्यासोबत सरोजिनी नगरच्या बाजारात यायचं म्हटलं की ह्यांचे गुडघे दुखायचे. लाकूड बघायला मात्र दोघं मेट्रोनं कीर्तिनगरपर्यंत जायचे, शिसवाच्या फळ्या बोटांनी वाजवून बघायचे आणि टेम्पोत पुढं बसून परत यायचे.

असंच चालू राहिलं असतं तर मी ते गिळलंही असतं. पण दोघं मिळून करत होते ती स्टुलं लोकांना आवडू लागली. नाताळच्या सुमारास सोसायटीत मेळा असतो, त्यात टेबल लावायचं ठरलं. आणि टेबलाला पाटी हवी, पाटीला नाव हवं.

इथं थोडं माझ्याबद्दल सांगते. आर. के. पुरमच्या क्वार्टर्समध्ये आम्ही होतो तेव्हा तिथल्या निम्म्या मराठी पोरांची नावं मी ठेवलीत. मी शाळेत शिकवायचे. शब्द हे माझं खातं. बारसं जवळ आलं की बायका पेढे घेऊन यायच्या, "मॅडम, काहीतरी वेगळं सांगा." म्हणून मी वाट बघत होते. नावाला माझ्याकडेच येणार, कुठं जातात!

आले नाहीत. ह्यांनी व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला: हे, सुभेदारीणबाई, त्यांचा मुलगा आणि गुडगावला राहणारी आमची लेक. मला लेकीच्या फोनवरून कळलं.

"मला का नाही घेतलं?" मी विचारलं.

"अगं, तू फोन बघतेस कुठं?" हे म्हणाले.

त्या दिवसापासून मी फोन हातातून खाली ठेवला नाही.

नावांची चर्चा ह्यांच्याकडून तुकड्यातुकड्यानं कानावर यायची. 'काष्ठशिल्प' ह्यांनी सुचवलं. बाईंच्या मुलानं सांगितलं, इथले लोक त्याला कष्ट म्हणतील. 'भुसा' बाईंना स्वतःला आवडलं होतं, पण हिंदीत भूसा म्हणजे गुरांचा चारा. लेकीनं इंग्रजी नावं पाठवली. ती बाईंना म्हणता येईनात, आणि ज्याचं नाव आपल्याला घेता येत नाही ते पोर आपलं कसं म्हणायचं, असं त्यांचं मत पडलं. मला ते पटलं, याचाही राग आला.

मग एका रविवारी सगळे आमच्याकडे चहाला जमले. पाटी रंगवणारा दुसऱ्या दिवशी येणार होता, नाव आजच ठरायला हवं होतं. मी किटली घेऊन आले तेव्हा हे खुर्चीत पुढं सरकून बसले होते. ऑफिसात बढतीची ऑर्डर आली तेव्हाही ह्यांचा चेहरा इतका उजळला नव्हता.

"जोडकाम," हे म्हणाले. "कसं वाटतं? लाकडाला लाकूड जोडायचं काम, आणि दोघांनी जोडीनं करायचं म्हणूनही जोडकाम. हिंदीवाल्यांनाही कळेल."

"बाबा, परफेक्ट!" लेक म्हणाली.

मी कपात चहा ओतत होते, तो बशीत गेला. आमच्या लग्नाच्या इतक्या वर्षांत ह्यांनी आमच्या दोघांसाठी एक शब्द म्हणून शोधला नव्हता.

सुभेदारीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, बशीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही सांगा की. तुम्ही मास्तरीण."

आता विचारताय! मी किटली खाली ठेवली.

"पाचर," मी म्हटलं. "पाचर ठेवा नाव. शोभेल."

पाचर मारणं म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. दोघांच्या मध्ये घुसणं. ह्यांचं बिस्किट चहात बुडवलेलं तसंच राहिलं आणि तुटून पडलं. लेक माझ्याकडे बघत राहिली. मला मात्र हलकं वाटलं, खरं सांगते. सगळ्यांसमोर म्हटलं होतं आणि एकाच शब्दात म्हटलं होतं.

"पाचर!" सुभेदारीणबाई म्हणाल्या. पुन्हा एकदा, चव घेतल्यासारखं, "पाचर." आणि मांडीवर थाप मारली. "साहेब, झालं की वो नाव! हितला मिस्त्री पच्चर म्हणतो, त्यालाबी कळतंय. अवो, आपलं स्टूल कशावर उभं आहे? पाय भोकात बसवला तरी हलतोय. मग वरनं एवढीशी पाचर ठोकली की जन्मात सुटायचा न्हाई. वहिनी, तुमचं डोकं म्हणजे डोकं!"

"बिल्कुल, बिल्कुल," हे घाईघाईनं म्हणाले. बुडालेल्या बिस्किटावर दुसरं बुडवलं. लेकीचा जीव भांड्यात पडला. नाव ठरलं.

मी नावं ठेवायला गेले होते, आणि मी नाव ठेवलं होतं. माझा राग माझ्याच डोळ्यांसमोर पाटीवर पिवळ्या रंगात रंगवला गेला.

दोन-चार दिवसांनी हे बँकेत गेले असताना सुभेदारीणबाई वर आल्या. टेबलाकडे न बघता सरळ माझ्यासमोर बसल्या.

"पाचर कुणाला म्हणालात ते कळलं मला," त्या म्हणाल्या. "सुताराची पोर आहे मी."

मी पेपरची घडी घालायला घेतली.

"साहेबांचं ते जोडकाम मला आधीच नको होतं. त्यांच्या मनात काय न्हाई, पण लोक वाचणार ते वाचणारच. आणि वहिनी, तुमचं माणूस मी वापरायला घेतलंय, ठेवायला न्हाई. काम झालं की पुसून परत करते."

हसू आलं होतं, पण मी ते दाखवलं नाही. "तुमचं बरं आहे," मी म्हटलं. "तुमच्याकडे आले की ते हसतात. माझ्याकडे येऊन झोपतात."

त्यांनी पदराच्या टोकानं टेबलाची कड पुसली. मग म्हणाल्या, "आमचे हे बॉर्डरवर, मी क्वार्टरात. सुट्टीवर यायचे ते पाहुण्यासारखे. भांडायलाबी वेळ मिळाला न्हाई. पेन्शन बसली, म्हटलं आता भांडू, तर माणूसच गेला. तुम्हा दोघांची भांडणं खाली ऐकू येतात मला. परवा डाळीच्या फोडणीवरनं किती वेळ चालली होती! मी रंधा थांबवून ऐकत होते. खोटं कशाला बोलू, जळते मी तुमच्यावर."

एखाद्या गोष्टीत असतं तर यानंतर आम्ही गळ्यात पडलो असतो आणि माझा मत्सर विरघळला असता. तसं झालं नाही. चहा केला, दोघी प्यायलो. त्या खाली गेल्या. थोड्या वेळानं हे बँकेतून आले, पासबुक टेबलावर टाकलं आणि मला न बघताच खाली उतरले, आणि मी परत पहिल्यासारखीच जळायला लागले. फरक पडला तो एवढाच: आता आपल्यासोबत खाली आणखी कुणीतरी जळतंय, हे माहीत होतं. त्याची सोबत वाटायची.

मेळ्यात त्यांच्या टेबलाभोवती गर्दी होती. बायका विचारायच्या, "आंटीजी, ये पाचर मतलब?" सुभेदारीणबाई दोन मुठी एकमेकींना टेकवायच्या आणि मध्ये अंगठा खुपसायच्या. "जो बीच में घुस के दोनों को पकड़ के रखे. हाथ लगा के देखो." मग बाजूच्या खुर्चीत फुगून बसलेल्या माझ्याकडे बोट. "नाम इनका है. टीचर हैं." लोक माझ्याकडे वळून बघायचे. मला आवडायचं. स्टुलं मात्र सगळे त्यांच्याशी बोलून घ्यायचे, माझ्याशी कुणी काय बोलणार? शब्दावर कुणाला बसता येत नाही.

दीड-दोन वर्षं 'पाचर' चाललं. मग त्यांच्या मुलाला कॅनडाची नोकरी लागली. फ्लॅट सोडायचं ठरलं. मुलगा चल म्हणत होता. त्या म्हणाल्या, "बर्फात लाकूड फुगतंय. मी कोरेगावला जाते." भावाच्या अंगणात जागा होती, आणि भावाच्या सुनांना अजून कुणी रंध्याला हात लावू दिला नव्हता.

निघायच्या दिवशी टॅक्सी उभी होती. त्यांनी ह्यांना सलाम केला, फौजेत करतात तसा कडक. ह्यांनी हात वर नेला, तो कपाळापर्यंत गेलाच नाही. मग त्या माझ्याकडे आल्या आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "परत केलं हं माणूस. पुसायचं तेवढं राहिलंय, भुसा फार बसलाय." आणि टॅक्सीत बसल्या. मी हात हलवला. ह्यांच्या आधी माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि तेही ह्यांना दिसू नये म्हणून मी घाईनं वर गेले.

मला वाटलं होतं, आता हे माझे. पण हे पुन्हा पेपर घेऊन बसायला लागले. गुणगुणणं बंद झालं. वांगं समोर ठेवलं तर मुकाट्यानं खाऊन घ्यायचे, आणि ते मला बाजूला सारण्यापेक्षा जास्त लागायचं. खालून आवाज नाही. डाळीच्या फोडणीवरून मी एकदा मुद्दाम भांडण काढून बघितलं, तर हे म्हणाले, "तू म्हणतेस तसं."

शेवटी मीच एका सकाळी किल्ली घेऊन खाली गेले आणि खोली उघडली. हे मागोमाग आले. एक बाक अर्धवट पडला होता, शाळेतल्या कुणीतरी सांगितलेला. हे बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, मग करवत काढली. लांब फळी, एका माणसाला आवरेना. मी समोर जाऊन दुसरं टोक उचललं. साडीचा पदर कमरेला खोचला. हे खाली मान घालून कापत होते. सर्र सर्र आवाज, बारीक भुसा माझ्या पावलांवर पडत होता. मध्येच थांबून, वर न बघता, सवयीनं म्हणाले,

"बाई, थोडं डावीकडं घ्या."

मला हे आयुष्यात कधी 'घ्या' म्हणाले नाहीत. मला 'अगं' म्हणतात.

ह्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मी फळी थोडी डावीकडे घेतली आणि घट्ट पकडली.