फिरत्या वहीतला पाळणा

विमलताई हरिहररावांच्या कोर्टाच्या कोटावर इस्त्री फिरवत होत्या आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं होतं, तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दारात गोदाबाई. बडनेऱ्याची ही बाई दर उन्हाळ्यात वर्षाचे गहू निवडायला यायची. आता तर दिवाळी नुकतीच झालेली.

"काय हो गोदाबाई, आज सकाळीच?"

"अकोल्याले गेल्ती, बाई. भाचीच्या पोरीचं बारसं होतं. तथी बायांनी पाळणा म्हटला. माहाच पाळणा. कोणाचा म्हून इचारलं, त म्हने अमरावतीच्या विमलबाईचा."

विमलताईंचे कान तापले.

महिला मंडळाची एक फिरती वही होती. कोणी पाककृती लिहावी, कोणी विणकामाचा नमुना, कोणी गाणं. वही घरोघर जायची, पार अकोल्यापर्यंत, आणि ज्या त्या बाईनं हवं ते उतरून घ्यायचं. वही सांभाळायच्या विमलताई. दुसरीचं असेल तर खाली तिचं नाव घालावं, हे पहिल्या पानावर त्यांनीच लिहिलेलं. "शंकरपाळे काय कोणाच्या मालकीचे असतात?" असा वाद निघाला की निवाडाही त्यांचाच. ताराने मासिकातली कृती स्वतःची म्हणून उतरवली, तेव्हा भर सभेत त्यांनी त्या पानावर लाल पेन्सिल ओढली होती. तारा दोन महिने मंडळात फिरकली नव्हती.

आणि त्यापुढच्याच पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात: 'पाळणा. रचना – सौ. विमल.'

गव्हाच्या ढिगाशी बसून गोदाबाई गुणगुणायची तोच हा पाळणा. पुतणीच्या बारशासाठी विमलताईंनी तो लिहून घेतला, बोली जराशी पुस्तकी केली, 'जमुना'च्या जागी 'अनसूया' घातलं. पाळण्यातलं नाव काय, दर बारशाला बदलतंच! पण खाली स्वतःचं नाव घालताना हात अडखळला होता. ते त्यांना पक्कं आठवत होतं.

आतून हरिहररावांनी विचारलं, "काय गोदाबाई, पाळण्यावर दावा लावता की काय?"

"दावा कायचा, वकीलसायेब! म्या त तथी तोंडच उघडलं नाही. बाई खोट्या पडल्या असत्या ना चारचौघीत."

विमलताईंना मान वर करवेना. दावा लावला असता तर बरं, असं त्यांना झालं.

"चुकलं माझं, गोदाबाई. आज दुपारी मंडळ आहे. सगळ्यांसमोर सांगते. ताराच्याही घरी जाते. माझं नाव खोडून तुमचं घालते."

"माहं कायले? मले वाचता येते का?" गोदाबाई उंबऱ्याशी टेकली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "माही लेक जमुना सव्वा वर्साची होऊन गेली, बाई. फोटू नाही, काई नाही. त्या पाळण्यातच तेवढी हाये. अन् तथी बाया दुसरंच नाव घेऊन रायल्या होत्या."

आधण उतू गेलं.

"ज्याले गायचं त्याले गाऊ द्या. त्यायच्या पोरीयचं नाव घालू द्या. तुमच्या वहीत तेवढं जमुना लिवा."