डोंगरापल्याडची माणसं

व्हिडिओ गेममधल्या माणसांना मोतीरामदादा घरच्यांसारखी हाक मारायचा. गेमच्या कंपनीने त्यांना नावं दिली नव्हती, ती यानेच ठेवलेली. जनीबाय, हिरू, लंगडा धर्मा. दादाचं वय पन्नाशीच्या पुढे, नवी मुंबईत कामोठ्याला माझ्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायचा. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याचं गेमचं मशीन मागे राहिलं आणि बापाला त्याचं वेड लागलं.

गेम म्हणजे एका घोडेस्वाराची चार भागांतली गोष्ट होती, आणि घोडेस्वार म्हणजे खेळणारा स्वतः. पहिल्या भागात शत्रू येऊन खाडीकाठचं एक गाव जाळतो. त्याआधी जमेल तेवढी माणसं डोंगरापलीकडे पाठवता येतात. दादाने सगळं गाव पाठवलं होतं. "एक म्हातारी पन मागं ठेवली नाय," असं तो आल्यागेल्याला सांगायचा. दुसऱ्या भागात मात्र गाव माणसांसकट जळालं असंच धरलेलं होतं. मी त्याला ते दाखवलं, तर माझ्यावरच उखडला. "कंपनीला काय म्हायती? कंपनी होती का तवा तिथं? मी होतो!"

तेव्हापासून कंपनीची गोष्ट वेगळी आणि दादाची वेगळी. तिसऱ्या भागात बंदराच्या बाजारात एक मासळीवाली दिसली, तर हा खूश. "जनीबाय हाय बघ. धंदा बरा चाललाय."

"दादा, तोच चेहरा चार बायकांना लावलाय त्यांनी."

"मंग बहिनी असतील."

अशा माणसाशी वाद काय घालणार! मी हसून सोडून द्यायचो.

त्याचं स्वतःचं गाव विमानतळासाठी उठलं होतं. त्याबद्दल तो चकार शब्द काढत नसे. वहिनीच एकदा चहा देताना म्हणाल्या, "सगली पांगली. पोराच्या लग्नाची पत्रिका द्यायची, तर निम्म्यांचा पत्ता नाय." दादा तेवढ्यापुरता उठून गॅलरीत गेला.

चौथ्या भागात घोडेस्वार त्या जळक्या गावात परत येतो. घराघरांत सांगाडे पडलेले असतात आणि ते पुरल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. मी आधीच व्हिडिओ पाहिला होता. "हा भाग नको घेऊस," असं त्याला दोनदा सांगितलं. तरी त्याने घेतला. त्या रविवारी दुपारी मी शेजारीच बसलो होतो. पुरण्यासाठी बटण दाबा, असं पडद्यावर आलं. दादाने बटणावरचा अंगठा काढून घेतला.

"ही आपली मानसं नाय," तो अखेर म्हणाला. "दुसरी कोन असतील." आणि त्याने घोडा वळवला.

नंतर माझ्यासमोर तो कधी खेळला नाही. सोडलं असेल, असं मला वाटलं. गेल्या हिवाळ्यात हार्ट अटॅकने तो गेला. वहिनींनी मशीन माझ्याकडे दिलं, पण बरेच दिवस ते सुरू करायचा धीर होईना.

सुरू केलं तेव्हा घोडा त्या गावात नव्हताच. पहिल्या भागात गाव जिथून पलीकडे पाठवलं होतं, त्या डोंगराच्या खिंडीत तो उभा होता, जिथे नकाशा संपतो. मी टाच मारली, तर तो जागच्या जागी पळत राहिला. खाली पाहिलं. जमिनीवर भाकऱ्या, सुकी मासळी, औषधाच्या कुप्या, घोंगड्या. बाजारातून आणून, पुढे जाता येईना म्हणून दादाने हे सगळं तिथेच उतरवून ठेवलं होतं. एका खेपेत होणारं काम नव्हतं ते. गोष्ट तशीच टाकून तो नुसता इथे येत राहिला होता.

खिंडीपलीकडे कंपनीने काहीही बनवलेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी टीव्हीचा आवाज वाढवून मी कितीतरी वेळ कान देऊन बसलो. फक्त वारा ऐकू येत होता.

घोड्यावरच्या पिशवीत एक घोंगडी शिल्लक होती. मी खाली उतरलो आणि तीही तिथे ठेवली.