डुलत्या जमिनीवर एल्विओ

आमच्या शेजारचा एल्विओ बुझेत्तो तीस वर्षं बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनाची खोकी वाहतोय. देशोदेशीची कला त्याच्या मालवाहू होडीतून व्हेनिसच्या कालव्यांतून जार्दिनीच्या बागेत पोचते; पण एकाही देशाच्या दालनात त्यानं पाऊल टाकलं नव्हतं. "मी सगळं बांधलेलं पाहिलंय," म्हणायचा. "उघडून आणखी काय दिसणार?"

यंदा ऑक्टोबरात त्याची बायको इनेस हटूनच बसली. "आज यायचंच. आणि तो डिझेलचा वास मारणारा कोट काढ!" कोट काही त्यानं काढला नाही. आम्ही तिघं निघालो.

उत्तरेकडच्या एका चिमुकल्या देशाच्या दालनात शिरलो. आत नुसती पांढरी, रिकामी खोली, आणि जमीन चक्क डुलत होती! खालून कसलंसं यंत्र तिला हेलकावे देत होतं. लोक धपाधप पडत होते, खिदळत होते, रांगत परत येत होते. मी दोन पावलांत बसकण मारली. इनेस माझ्यावर कोसळली.

एल्विओ मात्र खिशात हात घालून आरामात चालत सुटला. मध्यावर चंदेरी बूट घातलेल्या एका बाईनं त्याचा कोट मागून पकडला. तिला एका जर्मन प्राध्यापकानं धरलं, त्याला दोन नन्सनी. बघता बघता अकरा जणांची शेपटी झाली.

"गुडघे सैल सोडा!" एल्विओ ओरडला. "जमिनीशी भांडू नका! प्रोफेसर, बूड आत घ्या, बूड!"

शेपटी पलीकडच्या दाराला लागली तशी आतून हातात सँडविच घेतलेली एक मुलगी धावत आली. ही जमीन तिचीच कलाकृती. "एप्रिलपासून इथवर कुणीच आलं नव्हतं हो!" ती चक्क रडायलाच लागली.

"छान केलंयस, पोरी," एल्विओ म्हणाला. "फक्त डावीकडची लाट जरा उशिरा येते बघ."

तिनं तिथल्या तिथं यंत्राची कळ फिरवली. आणि मग काय विचारता! "परत, परत!" असा एकच गिल्ला. नऊ फेऱ्या झाल्या. इनेस नवऱ्याची कॉलर धरून पुढे, मी नन्सच्या मागे, प्राध्यापक तारस्वरात गातोय.

बाहेर पडलो, तर घट्ट जमिनीवर एल्विओच लडखडला आणि खडीवर बसून पोट धरून हसत राहिला.

"ऊठ, म्हाताऱ्या, लोक बघतायत!" इनेस म्हणाली. तिचा एक बूट आतच राहिला होता. बाग बंद झाली तरी तिच्या ते लक्षात आलं नाही. पुलावरून घरी आली ती एका पायात नुसता मोजा घालून, गात गात.