डोळे मिटून नुसतं जिंकायला शिकवणाऱ्या साहेबांना

मंडळी, आज रोह्याच्या कराटे स्पर्धेत माझी विद्यार्थिनी सानिका पहिल्याच फेरीत हरली. हरल्याचा राग नाही. राग एका पाहुण्या वक्त्याचा आहे.

महिन्यापूर्वी हे साहेब पेणला आमच्या वर्गात आले. मुलींना डोळे मिटायला लावून म्हणाले, "फक्त स्वतःला जिंकताना बघा. वाईट चित्र मनात आणायचंच नाही." सानिकाने ते रोज मनापासून केलं.

आज समोरच्या मुलीचा पहिलाच ठोसा पोटात बसला आणि आमची पोर जागीच थिजली. तिचे हात वरच येईनात. बाहेर येऊन रडत म्हणाली, "मॅडम, मला लागतंय असं महिनाभर मी बघितलंच नाय."

साहेब, तुमचं काय गेलं? टाळ्या घेतल्यात, फोटो काढलेत, निघून गेलात. डोळे मिटून सराव मीही घेते. पण त्यात आधी मनातल्या मनात मार खायचा असतो, मग श्वास सावरून उलट मारायचं असतं.

त्या दिवशी सानिकाने मला हळूच विचारलंही होतं, "मॅडम, मग आता मार खाल्लेला बघायचा नाय?" पाहुण्यासमोर वाद नको म्हणून मी गप्प बसले.

मंडळी, खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही बोलला असता?