थोटकांचं पाणी

आळेफाट्याजवळ माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात. त्यांची जुनी तार काढायची, नवी भरायची, वर वार्निश द्यायचं, हे माझं काम. वार्निश आणि थिनर दोन्ही झटकन पेट घेतात, म्हणून सिगारेटचं थोटूक मी कधी जमिनीवर टाकत नसे. कोल्ड्रिंकच्या एका हिरव्या बाटलीत थोडं पाणी भरून ठेवलं होतं, त्यात टाकायचो. थिनरशेजारी बसून सिगारेट ओढायची आणि थोटूक तेवढं जपून विझवायचं, यात मला मोठा शहाणपणा वाटायचा.

प्यायच्या पाण्याची बाटलीही तसलीच हिरवी होती. पुढचं सांगायला नको, पण सांगतो.

उन्हाळ्याचे दिवस होते. आळ्याचे एक शेतकरी मोटार घेऊन आले होते आणि बाकावर बसून वाट बघत होते. माझं सगळं लक्ष तारेकडे. घसा सुकला म्हणून न बघताच हात मागे नेला, बाटली तोंडाला लावली. आधी कोमट पाणी आलं, मग काहीतरी मऊ, फुगलेलं जिभेला लागलं. तोवर एक घोट पोटात गेला होता. ती चव मला नीट सांगता येत नाही. कुजलेली पानं आणि राख एकत्र उकळली तर तशी लागेल. मी दुकानाच्या मागे पळालो आणि भिंतीला धरून ओकलो. घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. ते शेतकरी मागोमाग आले, स्वतःच्या कॅनमधलं पाणी माझ्या हातावर ओतलं, चूळ भरायला लावली. म्हणाले, मोटार उद्या दिली तरी चालेल.

जरा बरं वाटल्यावर मी आत येऊन बसलो आणि तोंडाची चव जावी म्हणून सिगारेट पेटवली.

ते गृहस्थ बघत होते. उठले आणि उन्हात जाऊन उभे राहिले. त्यांना माझ्याजवळ बसवेना, हे मला तेव्हा समजलं. मलाही माझ्याजवळ बसवत नव्हतं.

राजुरीला घरी गेलो तेव्हा बायको ओट्याच्या कडेला बसून मशेरी लावत होती. तव्यावर तंबाखू जाळून केलेली काळी पूड, बोटानं हिरड्यांवर घासायची. आमच्याकडे बायका त्याला दात घासणं म्हणतात. लहानपणी तिची दाढ दुखली की आई लावून द्यायची, तेव्हापासून सवय लागली ती लागलीच. मी घडलेलं सांगितलं. ती हसली, आणि हसताना ओठाच्या कोपऱ्यातून काळी लाळ हनुवटीवर आली. ती तिनं मनगटानं पुसली. न्हाणीमागच्या भिंतीवर तिच्या पिचकाऱ्यांचे काळे ओघळ होते, ते वर्षानुवर्षं तिथेच होते. मला ते त्या दिवशी दिसले.

मी म्हणालो, आता सोडतो. तिनं मान हलवली. असं तिनं पुष्कळदा ऐकलं होतं. एकदा मी ओझरला गणपतीपुढे हात जोडून सोडली होती, आणि परत येताना फाट्यावरच्या टपरीवर ओढली होती. मग मी तिच्या मशेरीवर घसरलो. घाण आहे, घरभर वास येतो, असं बरंच बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमी सोडा, मी बी सोडते," ती म्हणाली. "पण आधी सोडा, मग मला शिकवा."

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघं सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. बाटलीची गोष्ट ऐकून त्या रागावल्या. तंबाखूचं पाणी विषारी असतं, त्याच वेळी दवाखान्यात यायला हवं होतं, म्हणाल्या. मग बायकोला तोंड उघडायला सांगितलं, खालचा ओठ दुमडला आणि मलाही बॅटरीच्या उजेडात बघायला लावलं. आत पांढरट, सुरकुतलेला चट्टा होता. ओल्या कागदासारखा. हे तोंड मी इतकी वर्षं समोर बसून जेवताना बघत होतो.

बाईंनी सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या. सोडायचा दिवस ठरवा आणि चार लोकांना सांगा. त्या दिवशी घरात आणि दुकानात एक कणही ठेवू नका. तलफ कधी येते ते ओळखा आणि त्या वेळी जागा बदला. तलफ लाटेसारखी असते, पाच-दहा मिनिटं काढली की उतरते. तेवढ्यात पाणी प्या, बडीशेप चघळा, हाताला काम द्या. मला निकोटीनचा च्युइंगम दिला. तो गोळीसारखा भराभर चघळायचा नसतो. थोडा चघळून गालात दाबून धरायचा असतो. एखाद वेळी चुकलात तर सगळं बुडालं असं समजू नका, पुन्हा लगेच सुरू करा, हेही बजावलं. बायकोनं विचारलं, मशेरी ही तंबाखू कशी, ती तर भाजलेली असते. बाई म्हणाल्या, भाजली तरी तंबाखूच. चट्टा वाढला तर तुकडा काढून तपासावा लागेल.

ठरल्या दिवशी मी पाकिटं, लायटर, सगळं गोळा केलं. मशेरीचा डबा बांधाला ओतणार होतो. तिनं अडवलं, शेळ्या तोंड लावतील म्हणाली. खड्डा खणून पुरलं. मग साफसफाईला लागलो, आणि खरी किळस तेव्हा आली. दुकानाच्या छताला साबणाचा बोळा लावला, तर पिवळंतपकिरी पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. पंख्याच्या पात्यावर बोट लावलं तर चिकट थर. हे सगळं माझ्या तोंडातून निघून तिथं बसलेलं. आणि जे बाहेर आलं नाही ते कुठं बसलं असेल, हा विचार मनातून जाईना. घरी बायको न्हाणीमागची भिंत खराट्यानं घासत होती. मधेच थांबून तोंडाला पदर लावायची. स्वतःच्याच थुंकीची तिला ओकारी येत होती.

नंतरचे दिवस वाईट गेले. माझं डोकं दुखायचं, गिऱ्हाइकांवर खेकसायचो, तारेचे वेढे मोजताना चुकायचो. तिचं वेगळंच. मशेरी लावल्याशिवाय तिला सकाळी परसाकडला व्हायचंच नाही. तीन दिवस तिनं लाजून सांगितलं नाही, मग रडकुंडीला येऊन सांगितलं. बाईंनी सकाळी उठल्याबरोबर गरम पाणी, पपई आणि भरपूर पालेभाजी सांगितली. हळूहळू जमलं. माझी तलफ चहाला बांधलेली होती, म्हणून मी दुपारचा चहा सोडून ताक प्यायला लागलो. दुकानात कुणालाही ओढायची बंदी केली. दोन जुनी गिऱ्हाइकं त्यावरून रुसली.

मग घोडेगावला चुलतभावाच्या मुलाचं लग्न आलं. मांडवामागे आमचीच मंडळी कोंडाळं करून उभी होती. एकानं पाकीट पुढे केलं, "घ्या राव, लग्नकार्याला काय व्हतंय." मी घेतली. पहिल्याच झुरक्याला जळक्या केसांसारखी चव आली, घशात खवखवलं. टाकून द्यायला हवी होती. मी शेवटपर्यंत ओढली. घाण लागत असूनही ओढली, याचा मला त्या बाटलीपेक्षा जास्त तिटकारा आला. बाटलीतलं निदान चुकून प्यालो होतो.

परतताना मोटारसायकलवर ती मागे बसली होती. मंचर मागे गेल्यावर मी तिला सांगून टाकलं. मला वाटलं, आता घरी गेल्यावर ऐकावं लागणार. नारायणगावात मी गाडी उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी थांबवली. ती उतरली आणि रस्त्याकडे बघत म्हणाली,

"मी बी परवा लावली व्हती. शेजारणीकडं."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय? उद्या नाय लावायची."

आम्ही रस प्यालो आणि घरी आलो. दोघांपैकी कुणीच कुणाला शिकवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेल्या गेल्या लग्नातल्या त्या मंडळींना फोन करून सांगितलं, की मी सोडलेली आहे, पुन्हा पुढे करू नका. तिनं शेजारणीकडं सकाळचं जाणं बंद करून दुपारी जायला सुरुवात केली, कारण शेजारीण मशेरी सकाळीच लावते.

तेव्हापासून मी ओढलेली नाही. तिनंही लावलेली नाही, असं ती म्हणते आणि मला पटतं. चट्टा फिकट झालाय, तरी बाई दर काही महिन्यांनी ओठ दुमडून बघतात आणि पुढची तारीख देतात. त्या बघत असतात तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून उभा राहतो.

माझं नाक परत आलंय, त्याचा त्रासच जास्त होतो. एसटीत शेजारी कुणी नुकतीच ओढून बसला तर मला उठून उभं राहावं लागतं. त्याच्या कपड्यांना येणारा वास माझ्या कपड्यांनाही यायचा, आणि मुलगी माहेरी आल्यावर बाळाला लगेच माझ्या हातात का देत नसे, ते आता समजतं. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. कुणी विचारलं, कशी सोडली, तर मी बाईंनी सांगितलेलंच सांगतो आणि वर बाटलीची गोष्ट सांगतो. लोक तोंड वाकडं करतात, हसतात. त्यातले काही जण समोरच्या टपरीवर जातात. मी त्यांना हाक मारत नाही. तलफ मलाही अजून येते, बहुतेक दुपारी, हातातलं काम अडलं की. मग मी उठतो, नळावर तोंड धुतो आणि तार पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतो.