दोन शॅकल, दोन पिना

घरात येणारी कोणतीही वस्तू मी आधी उलटी करून पाहते. डब्याच्या तळाची तारीख, मेथीच्या जुडीचा मधला भाग, मीटर वाचायला आलेल्या माणसाचं ओळखपत्र. तुमचे आजोबा म्हणतात, हिला नोकरी शाळेत मिळाली, पण हिची खरी जागा जकात नाक्यावर होती. तेव्हा आमच्या परसात आंब्याला आणि ऐनाच्या झाडाला बांधलेला तो नारिंगी पट्टा तुम्हाला फोनवर दिसला, "आजी, आम्ही आल्यावर त्याच्यावर चालणार" असं तुम्ही दोघांनी ओरडून सांगितलंत, आणि मी लगेच हो म्हटलं नाही, याचं नवल वाटून घेऊ नका. हो म्हणण्याआधी तुम्ही ही हकिगत वाचावी, एवढीच माझी अट आहे.

पट्टा माझा नाही. मागच्या पाड्यावरच्या एका मुलीचा आहे. मी शाळेत शिकवलेल्या शेवटच्या तुकडीतली ती. आता तेवीस-चोवीस वर्षांची असेल. मुरबाडच्या बाजूला नदीकाठी एक कॅम्प आहे. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं तिथे तंबूत राहायला येतात. ही तिथे स्वयंपाकात हाताखाली होती. दोन झाडांमध्ये ताणलेल्या पट्ट्यावर तोल सांभाळत चालायचं, या खेळाला स्लॅकलाइन म्हणतात, तो ती तिथल्या मुलांचं पाहून पाहून शिकली. मालकाने एक जुना संच तिला दिला आणि सांगितलं, अमुक रविवारी सगळं स्वतःच्या हाताने बांध, पाहुण्यांसमोर चालून दाखव, मग शिकवण्याचं काम तुझं. नाही जमलं तर भिवंडीचं गोडाऊन ठरलेलंच होतं. तिची बहीण तिथे जाते. पहाटे अंधारात गाडी धरते आणि घरी येते ती फक्त झोपायला.

तिने येऊन विचारलं, "बाई, तुमची झाडं जाड हायेत. पट्टा बांधू का?"

"झाडाची साल गेली तर?"

"गोणपाट गुंडाळीन ना."

"आणि तू पडलीस तर?"

"गुडघ्याएवढाच तर ठेवनार. पडले तरी उभीच पडेन."

"आणि ते लोखंड तुटलं तर?"

एवढा वेळ हसत होती, तिने खांद्यावरची पिशवी माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाली, "तेच्यासाठीच तर पिशवी तुमच्याकडं ठेवायची हाय, बाई. आमच्या घरी ठेवली तर सांजच्या आत बैलाच्या साखळीला लागंल."

हे खरं आहे. आमच्याकडे मजबूत कडी दिसली की ती कुणाची आहे हे कुणी विचारत नाही. ती आधी बैलाला लागते, मग फाटकाला, मग विहिरीवर. लोखंड आहे, वापरलं म्हणून त्याचं काय कमी होतं, असा सगळ्यांचा हिशेब.

पिशवीत पट्टा होता, तो ताणायचं यंत्र होतं आणि दोन शॅकल होत्या. शॅकल म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराची जाड पोलादी कडी. तिच्या दोन टोकांना भोकं, त्यांतून आडवी पिन जाते आणि पेचाने, स्क्रूसारखी फिरवून, बसते. दोन्ही झाडांशी एकेक शॅकल लागते; पट्ट्याची सगळी ओढ तिच्यावर. मी म्हटलं, तू तर मूठभर आहेस, एवढं लोखंड कशाला? तिने मला समजावलं, आणि मी शिकवायचे त्यापेक्षा बरं समजावलं. पट्टा जितका ताठ, तितकी टोकांवरची ओढ माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट. म्हणून शॅकलवर टनाचा आकडा कोरलेला असला पाहिजे, बनवणाऱ्याची खूण असली पाहिजे. ओढ लांबीच्या दिशेनेच पडली पाहिजे, पिनेपासून वाकापर्यंत सरळ; आडवी कधीच नाही. पिन शेवटपर्यंत गेली पाहिजे, तिचा खांदा, म्हणजे डोक्याखालचा जाड भाग, कडीला टेकला पाहिजे. पट्टा हलतो तशी पिन फिरते, म्हणून तिला बारीक तारेने बांधायचं. बांधल्यावर पाहायचं, ताणल्यावर पाहायचं, चढण्याआधी पुन्हा पाहायचं.

इतकी संशयी मुलगी मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटली. मला ती फार आवडली.

"माती लागली तर कोरड्या फडक्यानं पुसा, पेचात ब्रश फिरवा. बस, आनखी काय नको," असं ती सांगून गेली. पण मला 'बस' जमत नाही. एका मंगळवारी मी दोन्ही शॅकल उघडल्या, साबणाच्या गरम पाण्याने धुतल्या, जुन्या टूथब्रशने पेच घासले आणि ओट्यावर उन्हात वाळवायला मांडल्या. कड्या एका ओळीत, पिना स्टीलच्या ताटलीत, चमचे मांडतात तशा. वाळल्यावर पिना लावल्या आणि पिशवी कपाटात ठेवली. मनात म्हटलं, याला म्हणतात निगा.

दुसऱ्या दिवशी मी शहापूरला बँकेत गेले आणि नेमकी विहिरीतली मोटर बंद पडली. गुरुवारी मुलगी सरावाला आली. तिने पिशवी उघडली आणि एक शॅकल हातात घेऊन तशीच उभी राहिली. कडीला काळं ग्रीस होतं आणि पिनेचे चार पेच बाहेर होते. तिने जोर लावला. पिन पुढे जाईना.

मी आजोबांना विचारलं. ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "हो, मिस्त्रीला दिली होती. मोटर वर काढताना त्याचा हुक तुटला. परत दिली की त्याने."

परत दिली, पण कोणती? माझ्या डोक्यात सगळं जुळून आलं. कडी आमची, पिन त्याची. आमची चांगली पिन ठेवून घेतली आणि कुठली तरी भंगारातली घुसवून दिली. दुसरी शॅकल मी हातातही घेतली नाही. चोर सापडल्यावर कोण आणखी शोधत बसतं?

रविवार तीन दिवसांवर होता. मुलगी म्हणाली, "बाई, आधी विचारू तरी." मी म्हटलं, विचारतेच.

मिस्त्रीचं दुकान मुरबाड रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये. तो एक मोटर उघडून बसला होता. दोन गिऱ्हाइकं बाकावर. मी शॅकल त्याच्यासमोर ठेवली, तपासलेला पेपर ठेवावा तशी.

"ही पिन तुमची ना?"

"माझी कशी? तुमचीच."

"आमची शेवटपर्यंत जायची. ही जात नाही. बदलून दिलीत तुम्ही."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "बाई, वीस वरसं तुमच्या हिरीत उतरतोय मी. पिनेसाठी चोरी करीन? पिनेत सोनं हाय काय?"

बाकावरचा एक जण म्हणाला, "झडतीच घ्या बाई दुकानाची. आमी बसलोय साक्षीला." दोघेही हसले. मिस्त्री हसला नाही.

मुलगी त्याच्याशेजारी उकिडवी बसली. "काका, तुमी घेतली तवा पिन कशी व्हती?"

त्याने उत्तर तिला दिलं, मला नाही. "अशीच. जड. चार पेच भायेर. मी साहेबांना बोललो बी, नीट बसत नाय ही. ते म्हनले, आमच्या मंडळींनी धुतलीय, एकदम स्वच्छ हाय."

मुलीने पिशवीतून दुसरी शॅकल काढली. तिची पिन खांद्यापर्यंत गेलेली होती, पण भोकात खुळखुळत होती. तिने दोन्ही पिना काढल्या आणि अदलाबदल करून लावल्या. दोन्ही सरळ गेल्या, खांदे टेकले. एक शॅकल जुनी, दुसरी मागाहून घेतलेली, वेगळ्या कारखान्याची. दिसायला जुळ्या बहिणी, पण एकीची पिन दुसरीला चालत नाही.

"धुतल्या कुनी म्हनता?" मिस्त्रीने विचारलं.

"मी," मी म्हटलं.

बाकावर कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. मी माफी मागितली. त्याने मान हलवली आणि पाना उचलला.

मला वाटलं, संपलं. पिना सापडल्या, शॅकल ठीक झाल्या, चला घरी. मुलगी उठली नाही.

"काका, मोटर ओढताना ही सरळ व्हती का?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. दुकानात, चार माणसांत मी त्याला चोर म्हणून मोकळी झाले होते. "सरळ व्हती" एवढं म्हणून त्यानेही मोकळं व्हावं, असंच कुणालाही वाटलं असतं. आणि तो तसं म्हणाला असता तर रविवारी ती पोर त्याच कडीच्या भरवशावर चढली असती.

"खोटं नाय बोलनार," तो म्हणाला. "पाइप कपारीत अडकला व्हता. साखळी बाजूला सरली, शेकल आडवी झाली, आनि तेवढ्यात झटका बसला. पिन पन अर्धीच. आता दिसाया सरळ हाय. आतून काय झालं, ते मी नाय सांगू शकत."

तिने शॅकल उजेडात धरली. कडीचे दोन्ही पाय सारखे दिसत होते. मलाही तसेच दिसले. मी दोनदा पाहिलं.

"कापा, काका."

"अगो, येडी का काय? फाटकाला लाव."

"फाटकाची कुनीतरी काढील आनि झाडाला लावील."

मिस्त्रीने ग्राइंडर सुरू केला. ठिणग्या उडाल्या, दोन तुकडे खाली पडले. तिच्या दोन शॅकलपैकी एक गेली, आणि रविवार तीन दिवसांवर.

शुक्रवारी आम्ही शहापुरात हार्डवेअरच्या तीन दुकानांत फिरलो. एकाने चकचकीत शॅकल समोर टाकली. "एकदम हेवी, ट्रक ओढा." मी उलटीसुलटी केली. आकडा नाही, खूण नाही. "आकडा काय खायचाय बाई, हातात वजन बघा ना," तो म्हणाला. आम्ही बाहेर पडलो.

रविवारी मीही तिच्याबरोबर कॅम्पवर गेले. तिने मालकाला खरं ते सांगितलं, एक शॅकल कापून टाकली म्हणून.

"परीक्षेच्या तोंडावर कोण कापतं?" तो म्हणाला आणि कॅम्पची एक बादली तिच्यापुढे सरकवली. बादलीत दहा-बारा शॅकल, पावसात राहिल्यासारख्या. पाहुणे फोन धरून गवतावर बसलेले. तिने पहिली काढली, पाहिली, बाजूला ठेवली. "हिला पिन नाय, साधा बोल्ट लावलाय." दुसरीच्या पेचात गंजाने खड्डे पडले होते. तिसरीवरचा आकडा झिजून गेला होता.

"मॅडमना एक पन पसंत पडंना," मालक मोठ्याने म्हणाला. पाहुणे हसले. एक बाई म्हणाल्या, "अहो, ऊन वाढतंय." मला वाटलं, गेलं हिचं काम. आणि तरी, तिने चौथी पाहिल्याशिवाय घ्यावी असं मला एकदाही वाटलं नाही.

पाचवी तिने ठेवली. तिच्यावर आकडा होता, खूण होती, पिन तिची तिलाच बसत होती. तिने गोणपाट गुंडाळलं, पट्टा बांधला, पिन खांद्यापर्यंत नेली, तार बांधली, पट्टा ताणला, पुन्हा जाऊन पिन पाहिली. मग चढली. दोनदा पडली, उभीच पडली, तिसऱ्यांदा पलीकडे पोचली, असं मला नंतर कळलं. मी सगळा वेळ शॅकलकडे पाहत होते.

मालक तिला शाबासकी वगैरे काही बोलला नाही. बादलीला पाय लावून म्हणाला, "शनिवारपासून ये. पन आधी यातल्या कुठल्या ठेवायच्या आनि कुठल्या फेकायच्या, ते निवडून दे."

तेव्हा तुम्हाला माझं उत्तर हो आहे. ती असेल तेव्हाच, ती सांगेल तसं, आणि चढण्याआधी पिनेला हात लावून. शॅकल मी आता फक्त पुसते, एका वेळी एकच उघडते, आणि ती बंद केल्याशिवाय दुसरीला हात लावत नाही.

मिस्त्री मागच्या आठवड्यात विहिरीतल्या मोटरची जाळी साफ करायला आला होता. काम झालं, मी चहा घेऊन बाहेर आले. त्याने हत्यारांची पिशवी ओट्यावर पूर्ण उलटी केली आणि एकेक पाना, एकेक बोल्ट वेगळा मांडला. रागाने नाही, अगदी शांतपणे.

"बघून घ्या, बाई. तुमचं काय चुकून आलं नाय ना माझ्यात?"

"अहो, नका हो असं करू," मी म्हटलं. "चहा घ्या."

तो मांडतच राहिला. आता दर वेळी असंच करतो. आणि तुमच्याशी खोटं कशाला बोलू, मी नको नको म्हणत होते तेव्हा माझी नजर त्या सगळ्यावरून एकदा फिरून आली होती. त्याने ते पाहिलं, आणि मग चहा घेतला.