पुडा लहान, भाव तोच
बिस्किटाचा पुडा फोडला का गोड वास येते अन् मले आमच्या शहरातल्या गुढियारी बाजारातलं ते किराणा दुकान आठवते. बाबा बिस्किट कंपनीचे सेल्समन. शाळेले सुट्टी होती म्हणून मीही त्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेलेलो. कंपनीनं पुडा लहान केला होता अन् भाव तोच ठेवला होता, म्हणून दुकानदार भडकला. "भैया, ये महंगाई है, या आपके सेठ का मोटा पेट? ले जाओ, आज से माल बंद!" बाबा बोलायच्या आधीच मी त्यांचा आवाज काढला, "क्या करें भैया, मैदा महंगा, शक्कर महंगी, सब ऊपर से आया है!" सगळं दुकान हसलं. बाबाही हसले, मग हळूच म्हणाले, "काहून रे पोट्ट्या, असाच बोलतो का मी?" मी म्हटलं, "हव." त्यांनी हातातला पुडा काउंटरवर ठेवला. मग दुकानदाराले म्हणाले, "सच बोलूँ? मैदा महंगा तो हुआ है. पर इतना हुआ क्या, ये हमको भी कोई नहीं बताता." दुकानदारानं बाबांकडे स्टूल सरकवलं, चहा सांगितला अन् नेहमीइतकाच माल लिहून घ्या म्हणाला. आता मी कोणाचाही आवाज काढतो, पण बाबांच्या त्या वाक्याची नक्कल कधी केली नाही.